घरच्या लाइट थेरपीत डोळ्यांना काय लावायचं? आधी दिव्याची तरंगलांबी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुडघेदुखीसाठी आणि चेहऱ्याच्या त्वचेसाठी घरी ६६० (लाल) आणि ८५० (अवरक्त, म्हणजे लालच्या पलीकडचा, जवळजवळ न दिसणारा) नॅनोमीटरच्या एलईडींचं पॅनेल बसवलं आहे. सोबत काळ्या प्लास्टिकचा छोटा गॉगल आला, पण तो नाकापाशी नीट बसत नाही. त्याऐवजी चांगल्यापैकी सनग्लास चालेल का, की नुसते डोळे मिटून बसलं तरी पुरे? शिवाय घरातल्या एकाला कोडाचे डाग आहेत. त्यांच्यासाठी यूव्हीबीची, म्हणजे त्वचेच्या उपचारातल्या अतिनील किरणांची, ट्यूब आणून पेटी स्वतःच तयार करायचा विचार आहे. तिथेही हाच गॉगल वापरता येईल का?

उत्तरं आधी देतो, कारण पॅनेल आज संध्याकाळीही लागणार असेल. सनग्लास चालणार नाही. पॅनेल चेहऱ्यासमोर असेल तर नुसते डोळे मिटणंही पुरेसं नाही. नाकापाशी फट राहणारा गॉगल यूव्हीबीसाठी तर नाहीच, लाल पॅनेलसाठीही वापरू नका. आणि यूव्हीबीची पेटी त्वचारोगतज्ज्ञांनी डोस ठरवून दिल्याशिवाय सुरू करू नका. तिच्याविषयी खाली सविस्तर लिहितो, कारण यातला सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे.

मी नेत्रतज्ज्ञ आहे. फोटोथेरपी घेणाऱ्या रुग्णांचे डोळे उपचाराआधी आणि उपचार चालू असताना तपासणं हे माझ्या रोजच्या कामात येतं. तिथे एक गोष्ट सतत दिसते. दिवा किती झगझगीत वाटतो, यावरून लोक चष्मा निवडतात. झगझगीत वाटला तर काळा चष्मा आणि सौम्य वाटला तर काहीच नाही. खरं तर आधी तरंगलांबी बघायला हवी, कारण डोळ्याला इजा करणारा बराचसा प्रकाश डोळ्याला दिसतच नाही.

भगभगीत पांढरा उजेड अंगावर आला तर पाव सेकंदाच्या आत आपण डोळे मिटतो, मान वळवतो आणि बाहुली आकसते. हे संरक्षण उत्तम आहे, पण ते फक्त दिसणाऱ्या प्रकाशावर चालतं, म्हणजे साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात. ३११ नॅनोमीटरचा अतिनील किरण डोळ्याला दिसत नाही, म्हणून बाहुली त्याला दाद देत नाही. ८५० नॅनोमीटरचा एलईडी पूर्ण ताकदीने पेटलेला असला तरी मंद लालसर ठिपका दिसतो, किंवा तो बंदच आहे असं वाटतं. ६६० चा लाल प्रकाश दिसतो खरा, पण डोळा सर्वात संवेदनशील असतो तो ५५५ च्या हिरव्याला. त्या मानाने ६६० ला त्याची संवेदनशीलता जेमतेम ६ टक्के असते. जेवढ्या ऊर्जेचा हिरवा दिवा आपण क्षणभर सहन करणार नाही, तेवढ्याच ऊर्जेचा लाल दिवा आपल्याला मंद आणि सुखद वाटतो.

कोणता किरण डोळ्यात कुठवर जातो तेही इथेच सांगून टाकतो. साधारण ३०० च्या खालचे अतिनील किरण पुढच्या पारदर्शक पडद्यात, कॉर्नियात, अडतात आणि तोच भाजतो. ३०० ते ४०० मधले बहुतांश किरण भिंगात शोषले जातात, आणि तिथलं नुकसान वर्षानुवर्षं साठत मोतीबिंदूच्या रूपाने पुढे येतं. ४०० ते १४०० मधला प्रकाश मागच्या पडद्यापर्यंत, रेटिनापर्यंत, पोचतो. लहान मुलांचं भिंग जास्त पारदर्शक असतं, त्यामुळे त्यांच्या रेटिनावर निळा आणि जवळचा अतिनील प्रकाश मोठ्यांपेक्षा जास्त पडतो.

आता यूव्हीबी. कोड आणि सोरायसिससाठी नॅरोबँड यूव्हीबी म्हणजे ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश वापरतात, आणि तो उपचार म्हणून खरोखर चांगला आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरी घेण्याची पद्धतही रुळलेली आहे. डोळ्यांचा हिशेब मात्र वेगळा मांडावा लागतो. किरणांपासून संरक्षणाचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने, आयसीएनआयआरपीने, उघड्या डोळ्यासाठी ८ तासांची मर्यादा तरंगलांबीनुसार दिली आहे. ३१० नॅनोमीटरला ती दर चौरस सेंटीमीटरला २०० मिलिज्यूल आहे. कोडासाठी नॅरोबँडची सुरुवातच बहुधा २०० मिलिज्यूलने होते आणि डोस पुढे वाढवत नेतात. म्हणजे पहिल्याच दिवशी, पहिल्याच वेळेला, गॉगल न लावता दिव्याकडे तोंड करून बसलात तर डोळ्याचा दिवसभराचा कोटा तिथेच संपला.

त्याच तक्त्यात २५४ नॅनोमीटरला मर्यादा फक्त ६ मिलिज्यूल आहे आणि २७० ला ३. घरी पेटी बनवणाऱ्यांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत असं मला कळकळीने सांगायचं आहे. निर्जंतुकीकरणाची यूव्हीसी ट्यूब २५४ ची असते आणि तिचं टोक, लांबी, पिना नॅरोबँड ट्यूबसारख्याच असू शकतात, त्यामुळे ती त्याच पट्टीत सहज बसते. ओळखायची खूण सोपी आहे. त्वचेच्या उपचाराची नॅरोबँड ट्यूब आतून पावडर लावलेली, दुधी पांढरी असते. यूव्हीसीची ट्यूब स्वच्छ पारदर्शक असते आणि आतली तार दिसते. पारदर्शक ट्यूब हातात आली तर ती उपचारासाठी लावायचीच नाही. कोणत्याही गॉगलने तिचा वापर योग्य ठरत नाही, कारण ती त्वचाही भाजते. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचे यूव्हीबी दिवे किंवा टॅनिंगच्या ट्यूबा वापरण्याचा मोहही टाळा. त्यांचा वर्णपट वेगळा असतो आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला डोस त्यांना लागू पडत नाही.

अतिनील किरणांनी कॉर्निया भाजला की काय होतं, तेही सांगतो. दिव्यासमोर असताना काहीही जाणवत नाही. त्रास ६ ते १२ तासांनी सुरू होतो. म्हणून संध्याकाळी दिवा वापरणारा माणूस पहाटे डोळे गच्च मिटून, घरच्यांचा हात धरून येतो. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं खुपतं, धारा लागतात आणि खोलीतला साधा बल्बही सोसवत नाही. वेल्डिंगकडे बघितल्यावर होतो तोच हा त्रास. अशा डोळ्यात आम्ही फ्लुरोसीन नावाचा पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बघतो. कॉर्नियावर शेकडो हिरवे ठिपके उजळतात, तेही बरोबर उघड्या फटीच्या पट्ट्यात. वरच्या पापणीखाली झाकलेला भाग स्वच्छ असतो. पापणीने काय अडवलं आणि काय अडवलं नाही, याची रेघच तिथे आखलेली दिसते. हा त्रास बहुधा २४ ते ४८ तासांत पूर्ण बरा होतो. पण बरा होतो म्हणून चालतं असं कुणी समजू नये, कारण भिंगावर पडलेला वाटा बरा होत नाही, तो जमा होत राहतो.

यूव्हीबीसाठी गॉगल निवडताना एक गोष्ट अनेकांना खरी वाटत नाही, ती म्हणजे काच काळी असायची गरज नाही. पॉलिकार्बोनेटची स्वच्छ पारदर्शक काच यूव्हीसी आणि यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते आणि अतिनील पट्ट्याचा बहुतेक भाग, साधारण ३८० पर्यंत, थांबवते. उलट एखादी गडद पण सुमार काच बाहुली मोठी करते आणि बाजूने अतिनील किरण आत येऊ देते. तेव्हा रंगाकडे नका बघू, शिक्का बघा. युरोपीय मानक ईएन १७० चा गॉगल असेल तर काचेवर २ किंवा २सी असा आकडा कोरलेला असतो. तो अतिनील फिल्टरचा आकडा आहे आणि सी म्हणजे रंग नीट ओळखता येतात. अमेरिकन झेड८७ चा गॉगल असेल तर यू२ ते यू६ अशी खूण असते, त्यात यू६ सर्वात कडक. शिक्का नसेल, नुसतं खोक्यावर ‘यूव्ही संरक्षण’ छापलेलं असेल, तर तो गॉगल थेरपीसाठी धरू नका.

शिक्क्याइतकंच महत्त्व बसण्याला आहे. चष्म्याच्या आकाराचा सेफ्टी ग्लास पुरत नाही, चारही बाजूंनी चेहऱ्याला टेकणारा, इलॅस्टिकच्या पट्ट्याचा गॉगल लागतो. बाजूने, कानशिलाकडून येणारा किरण कॉर्नियाच्या गोलाईमुळे वळून नाकाकडच्या कडेवर एकवटतो, हे आता चांगलं अभ्यासलं गेलं आहे. म्हणून बाजूची फट ही किरकोळ बाब नाही. पूर्ण चेहऱ्याचा पारदर्शक शील्ड एकटा वापरला तर हनुवटीखालून किरण आत येतात, तो गॉगलवर लावायचा. पेटीत आतून ॲल्युमिनियम फॉइल लावणार असाल तर ध्यानात घ्या की ॲल्युमिनियम अतिनील किरणही उत्तम परावर्तित करतं, मग किरण सगळीकडून येतात. आणि खोलीत दुसरं कुणी असेल, मूल किंवा पाळीव प्राणी असेल, तर दिवा लागण्याआधी त्यांना बाहेर काढा.

पापण्यांवरच डाग असतील तर? यूव्हीबी बंद पापणीतून आत जात नाही म्हणावं इतकं कमी जातं, आणि काही रुग्णांना त्वचारोगतज्ज्ञ डोळे घट्ट मिटून, गॉगल न लावता काही वेळ उपचार देतात. पण तो निर्णय त्यांचा असतो आणि रुग्ण मध्येच डोळे उघडणार नाही याची खात्री झाल्यावर घेतलेला असतो. घरी एकटा बसलेला माणूस ‘किती वेळ राहिला’ म्हणून टायमरकडे हमखास बघतो. त्यामुळे घरी हे स्वतःहून करू नका. सोरालेनच्या, म्हणजे त्वचेची प्रकाशसंवेदनशीलता वाढवणाऱ्या औषधाच्या, गोळ्या घेऊन करायचा यूव्हीए (यूव्हीबीहून लांब तरंगलांबीचे अतिनील किरण) उपचार तर घरगुती प्रयोगाचा विषयच नाही. ते औषध भिंगातही पोचतं, म्हणून गोळी घेतल्यापासून २४ तास, घरात खिडकीजवळ बसतानाही, यूव्हीए अडवणारा चष्मा लागतो. खिडकीची काच यूव्हीबी बरंचसं अडवते, यूव्हीए नाही.

आता तुमच्या लाल पॅनेलकडे वळतो. इथे धोका वेगळ्या जातीचा आहे आणि त्याबद्दल दोन्ही टोकांचं बोललं जातं. काहीजण म्हणतात रेटिना जळेल, काहीजण म्हणतात उलट डोळ्यांना फायदाच होतो. साध्या एलईडीचा पसरलेला लाल प्रकाश लेसरसारखा रेटिनाच्या एका बिंदूवर एकवटत नाही, आणि ६६० ला रासायनिक इजेचा धोका नगण्य आहे. खरा प्रश्न ८५० च्या अवरक्त भागाचा आहे. तो कॉर्निया, बुबुळ आणि भिंग यांना उष्णता देतो, दिसत नाही आणि बाहुलीला जाग आणत नाही. भट्टीसमोर काम करणाऱ्या काच कारागिरांना होणारा मोतीबिंदू वैद्यकात फार जुना आहे. तोही वर्षानुवर्षांच्या अवरक्त उष्णतेचा परिणाम.

आकड्यांत बघू. अवरक्त प्रकाशासाठी त्याच आयोगाची मर्यादा अशी आहे: १,००० सेकंदांहून, म्हणजे साधारण १७ मिनिटांहून जास्त वेळ असेल तर डोळ्यावर दर चौरस सेंटीमीटरला १० मिलिवॉट. वेळ १० मिनिटं असेल तर सूत्राने ती साधारण १५ येते. आता पॅनेलच्या जाहिराती बघा. १५ सेंटीमीटरवर १०० मिलिवॉट हा दावा सर्रास दिसतो. त्यातलं निम्मं ८५० चं धरलं तर ५० झाले, म्हणजे १० मिनिटांच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त. हे दावे बहुधा सूर्यप्रकाशासाठी बनवलेल्या स्वस्त मीटरने मोजलेले असतात आणि ते मीटर अशा एलईडींचा आकडा फुगवून दाखवतात. दावा निम्मा केला तरी २५ उरतात. मर्यादेच्या आत तरीही येत नाही. म्हणून चेहऱ्यावर पॅनेल घेताना डोळे झाकायचे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

डोळे मिटले तर? उजेडाकडे तोंड करून डोळे मिटा, तांबूस उजेड दिसतो. रक्ताने भरलेली पातळ पापणी निळा-हिरवा बराचसा गिळते, लाल आणि त्यापुढचा अवरक्त मात्र काही प्रमाणात आत सोडते. म्हणजे पापणी ज्या प्रकाशाला सर्वात कमी अडवते, नेमका तोच तुमच्या पॅनेलमध्ये आहे. मिटलेले डोळे काहीच नसण्यापेक्षा बरे, पण रोज चेहरा पॅनेलसमोर धरणाऱ्याला ते पुरेसे नाहीत.

आणि सनग्लास. त्यांची काच दिसणारा प्रकाश कमी करायला बनवलेली असते. प्लास्टिकच्या रंगीत काचांतून आणि पोलराइज्ड काचांतूनही जवळचा अवरक्त प्रकाश बराचसा थेट आरपार जातो. वरून अंधारामुळे बाहुली मोठी होते, म्हणजे आत जायला वाट आणखी रुंद. हे घरी बघता येतं. टीव्हीचा रिमोट घ्या, फोनचा कॅमेरा लावा आणि रिमोटचं बटण दाबा. समोरचा छोटा दिवा कॅमेऱ्यात जांभळट लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर सेल्फी कॅमेऱ्यात बघा. आता मध्ये सनग्लासची काच धरा. बहुतेक वेळा तो दिवा तसाच लुकलुकत राहतो, नुसत्या डोळ्याला ती काच कितीही काळी वाटली तरी. रिमोटचा किरण ९४० च्या आसपासचा असतो आणि फोन स्वतःच उजेड जुळवून घेतो, त्यामुळे ही चाचणी फक्त एकाच बाजूने विश्वासार्ह आहे. दिवा दिसला तर काच बाद, दिसला नाही म्हणून काच पास असं नव्हे.

तुमच्या कामाला सर्वात चांगला गॉगल म्हणजे पूर्ण अपारदर्शक, दोन वाट्यांचा, मऊ कडांचा. चेहऱ्यावर पॅनेल घेताना बघायचं काहीच नसतं, मग फिल्टरच्या आकड्यांत शिरायचंच कशाला? काळं, जाड, प्रकाश न सोडणारं प्लास्टिक किंवा धातू सगळ्याच तरंगलांबी अडवतं. पॅनेलसोबत आलेला गॉगल याच जातीचा असावा, फक्त तो नाकाला बसत नाही. पट्टा आणि मधला जोड कमीजास्त करून बघा. तरी फट राहिली तर बदला. यूव्हीबीसाठीही असा अपारदर्शक गॉगल चालतो, अट एकच की तो पूर्ण टेकला पाहिजे आणि त्या माणसाला आंधळेपणाने हालचाल करायची वेळ येऊ नये. उपचार उभ्याने असेल तर पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा बरा, धडपडण्याचा धोकाही धोकाच आहे.

पॅनेलसमोर असताना बघणं गरजेचंच असेल, म्हणजे समजा दुसऱ्याच्या पाठीवर तुम्ही पॅनेल धरून आहात, तर वेल्डिंगचा शेड ५ चा गॉगल घ्या. वेल्डिंगच्या मानकात अतिनील आणि अवरक्त दोन्हींच्या मर्यादा बांधलेल्या असतात आणि दिसणारा प्रकाश साधारण २ टक्के उरतो.

फक्त गुडघ्यावर घेत असाल तर गोष्ट सोपी आहे. पॅनेल खाली, तोंड तुमच्यापासून दूर वळवलेलं, आणि तुमची नजर दुसरीकडे. गुडघ्यावरून परतणारा थोडा उजेड काळजीचा नाही. काळजी आहे ती पॅनेलच्या तोंडाकडे वाकून ‘सगळे दिवे लागलेत ना’ हे बघण्याची. ८५० चे दिवे बंद वाटतात म्हणून लोक आणखी जवळून बघतात. ते तपासायचं तर फोनच्या कॅमेऱ्यातून, बाजूने बघा. आणि दूर उभं राहिलं की झालं, असंही समजू नका. अंतर वाढलं की कॉर्नियावर पडणारी ऊर्जा घटते, पण एकेका एलईडीची रेटिनावरची प्रतिमा फक्त लहान होत जाते, ती तितक्याच वेगाने फिकी होत नाही. टक लावून बघणं कोणत्याच अंतरावरून नको.

‘लाल प्रकाश बघितल्याने दृष्टी सुधारते’ हे हल्ली फार ऐकू येतं, म्हणून त्याचाही खुलासा करतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या गटाने २०२० आणि २०२१ मध्ये ६७० नॅनोमीटरवर छोटे अभ्यास प्रसिद्ध केले. २०२१ च्या अभ्यासात मोजलेल्या ८ मिलिवॉटच्या आसपासचा प्रकाश ३ मिनिटं दिला होता. तो आकडा तुमच्या पॅनेलच्या दाव्याशी ताडून बघा. आणि २०२३ मध्ये जामा ऑप्थॅल्मॉलॉजी या नियतकालिकात, मायोपियासाठी (लांबचं धूसर दिसण्यासाठी) लाल लेसरचं यंत्र रोज वापरणाऱ्या १२ वर्षांच्या मुलीच्या रेटिनाला इजा झाल्याची नोंद आली. डोळ्यावरचा प्रकाशोपचार वेगळा आहे. तो मोजलेला असतो, आणि आधी डोळे तपासून, देखरेखीखाली होतो. त्वचेचं पॅनेल डोळ्यांपुढे धरून त्याची नक्कल होत नाही.

मुरमांसाठीचा निळा प्रकाश, बहुधा ४१५ चा, हा तिसरा प्रकार. रेटिनाला रासायनिक इजा करण्याच्या क्षमतेचं मोजमाप ४३५ ते ४४० ला १ धरतात. त्या मापाने ४१५ ला ०.८ आणि लाल प्रकाशाला ०.००१ येतं, म्हणजे तेवढ्याच ऊर्जेला ८०० पट फरक. निळ्यासाठी कॉम्प्युटरचा किंचित पिवळसर ‘ब्लू कट’ चष्मा उपयोगाचा नाही, तो थोडासाच भाग अडवतो. चेहऱ्यावर घ्यायचा तर पुन्हा तोच अपारदर्शक गॉगल, बघायचं असेल तर तरंगलांबी छापलेला गडद केशरी. मुखवट्यासारख्या यंत्रांत डोळ्यांच्या भोकांच्या कडेने उजेड आत येतो. २०१९ मध्ये न्यूट्रोजिनाने अशा प्रकारचा आपला मुखवटा बाजारातून परत घेतला. रेटिनाचे काही आनुवंशिक आजार असलेल्यांना आणि प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधं घेणाऱ्यांना डोळ्यांचा धोका संभवतो, असं कारण तेव्हा दिलं होतं.

या औषधांची यादी आपल्या गोळ्यांच्या डब्याशी जरूर ताडून बघा. डॉक्सीसायक्लिनसारखी टेट्रासायक्लिन गटातली प्रतिजैविकं, सिप्रोफ्लॉक्सासिनचा गट, रक्तदाबासाठीची थायझाइड, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन, मानसिक आजारासाठीचं क्लोरप्रोमाझिन. यातलं काही चालू असेल, किंवा मॅक्युलाचा (रेटिनाच्या मधल्या भागाचा) आजार, मधुमेहाने झालेली रेटिनाची इजा, रेटिनायटिस पिगमेंटोसा हा रेटिनाचा आनुवंशिक आजार, डोळ्यांची कुठलीही नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर दिवा लावण्याआधी डोळ्यांची तपासणी करून घ्या.

एका प्रकारात मात्र डोळे झाकायचेच नसतात. हिवाळ्यातल्या नैराश्यासाठी १०,००० लक्सचा पांढरा दिवा सकाळी साधारण अर्धा तास वापरतात. नॉर्मन रोझेन्थल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हापासून तो उपचार रूढ आहे. त्याचा परिणामच डोळ्यांतून होतो. रेटिनातल्या ज्या पेशी शरीराचं घड्याळ लावतात, त्या ४८० च्या आसपासच्या निळसर प्रकाशाला सर्वात जास्त प्रतिसाद देतात. तिथे केशरी चष्मा लावला तर उपचारच निघून जातो. तिथलं संरक्षण दिव्यात असावं लागतं: अतिनील गाळलेलं, उघडे एलईडी न दिसता पुढे दुधी पडदा, दिवा नजरेच्या थोडा बाजूला, आणि आपण समोर वाचत किंवा खात बसलेले. वाणिज्यिक दिव्याऐवजी उघड्या प्रखर एलईडी पट्ट्या जोडून हा दिवा घरी बनवू नका.

लेसरची उपकरणं, विशेषतः ८०८ नॅनोमीटरची वर्ग ३बी ची (थेट किरण डोळ्यात गेला तर धोकादायक अशा लेसर वर्गाची) वेदनाशामक यंत्रं, या कशातच बसत नाहीत. त्यांना तीच तरंगलांबी आणि ऑप्टिकल डेन्सिटी (काच किती प्रकाश अडवते याचं माप) छापलेला लेसर गॉगल लागतो. डेन्सिटी ४ म्हणजे दहा हजारातला एक भाग आत येतो. वापरणारा आणि ज्याच्यावर वापरतात तो, दोघांनाही गॉगल हवा. केस काढायचं आयपीएल यंत्र भुवईखाली किंवा पापणीवर कधीही नाही. त्याने बुबुळ भाजून बाहुली कायमची वेडीवाकडी झाल्याच्या नोंदी आहेत.

गॉगल बसतो की नाही हे बघायला थेरपीचा दिवा लावू नका. अंधाऱ्या खोलीत अपारदर्शक गॉगल घाला, डोळे उघडे ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी फोनचा टॉर्च कानशिलापासून नाकापर्यंत, वरून आणि गालाखालून फिरवायला सांगा. जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथे किरण आत येणार. बहुतेकांची रेघ नाकाच्या खोबणीत दिसते. चष्म्यावरून गॉगल घालणाऱ्यांची ती कानशिलापाशी दिसते, त्यांनी चष्मा काढूनच बसावं. यूव्ही अडवणाऱ्या कॉन्टॅक्ट लेन्स गॉगलऐवजी चालत नाहीत, त्या पूर्ण डोळा झाकत नाहीत. पॉलिकार्बोनेट साबणाच्या पाण्याने धुवा, ॲसिटोन लावू नका. काच पिवळी पडली, चिरा दिसल्या, पट्टा सैल झाला की बदला.

सवयीपुरतं एक करा: गॉगल दिव्याच्या स्विचवरच अडकवून ठेवा, म्हणजे तो हातात घेतल्याशिवाय दिवा लागणारच नाही. आधी गॉगल, मग दिवा. संपताना आधी दिवा बंद, मग गॉगल बाहेर. दिवा आपोआप बंद करणारा टायमर असला की मध्येच डोकावण्याची गरजही राहत नाही.

आणि चुकून उघड्या डोळ्यांवर यूव्ही आलंच, तर त्रास सुरू व्हायची वाट बघत बसू नका. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढा, डोळे चोळू नका, खोली अंधारी करा, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब घाला, लागली तर नेहमीची वेदनाशामक गोळी घ्या. बधिर करणारे थेंब कुणी दिले तरी घरी घालू नका. त्यांनी दुखणं थांबतं, पण कॉर्नियाची जखम भरत नाही आणि ती वाढून पडदा कायमचा पांढरा पडू शकतो. दुखणं ४८ तासांनंतरही राहिलं, दृष्टी धूसर झाली, समोर काळा डाग दिसू लागला किंवा सरळ रेघ वाकडी दिसू लागली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. लेसरकडे बघितलं गेलं असेल तर काहीच जाणवत नसलं तरी जा. जाताना दिव्यावरच्या लेबलचा फोटो घेऊन जा: तरंगलांबी, वॅट, अंतर आणि किती वेळ समोर होता. तपासणाऱ्याला पहिल्यांदा हेच विचारावं लागतं.